लांब फुंकर

माझ्या पांझरेवरच्या सूर्याचं त्याने एका क्षणात वाटोळं केलं, आणि वर हसून म्हणाला, "फूल झालं की हो, बाई!"

अठ्ठ्याऐंशी सालचा एप्रिल. सकाळची शाळा सुटून मी साक्री रोडवर देवचंदभाऊंच्या लोखंडी कपाटांच्या वर्कशॉपसमोर उभी होते. मी तेव्हा चोवीस वर्षांची, धुळ्यातच एका मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवत होते. बालवाडीच्या भिंती रंगवून उरलेला प्लॅस्टिक पेंट मी मुख्याध्यापिकांकडून मागून घेतला होता. त्यात डिंक मिसळून तो हार्डबोर्डच्या तुकड्यावर ओतला होता. पांढऱ्यावर नारिंगी सूर्य आणि खाली निळी पांझरा नदी. रंग जाड पडला होता, वाळायचं नाव घेत नव्हता. घरी नेता नेता नानांनी सांगितलेलं एक काम उरकावं म्हणून मी थांबले आणि बोर्ड एका उपड्या पिंपावर ठेवला.

काम म्हणजे कपाटाचा रंग सांगायचा होता. माझ्याच लग्नातल्या कपाटाचा. लग्न ठरलेलं नव्हतं, मुलगाही कुणी पाहिलेला नव्हता. पण माझे वडील एसटीत वाहतूक नियंत्रक. गाडी यायच्या आधी फलाट मोकळा हवा, हा नानांचा स्वभाव. "ऐन वेळी धावपळ नको," म्हणून त्यांनी कपाट आधी सांगून ठेवलं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "नानांनी कपाट घेतलं, आता त्यात ठेवायला जावई शोधताहेत."

तर तो... अंगात रंगाने कडक झालेला खाकी शर्ट, नाकावर रुमाल, हातात हवेची गन. एका कपाटावरची धूळ उडवत होता. कॉम्प्रेसर धडधडत होता. मी "अहो—" म्हटलं. तो आवाजाच्या दिशेने वळला. गनसकट वळला.

सूर्य फुटला. नारिंगी रंग पांढऱ्यात घुसला, निळा त्याच्या मागे धावला, कडेकडेने केसासारख्या बारीक शिरा पसरल्या आणि मधोमध एक रिकामा गाभा उरला. मला ओरडायलाही वेळ मिळाला नाही.

कॉम्प्रेसर बंद झाला. त्याने रुमाल हनुवटीखाली ओढला. तोंडावर जिथे रुमाल होता तेवढाच भाग स्वच्छ, बाकी सगळा चेहरा पिठी उडाल्यासारखा पांढरट. आणि मग ते वाक्य... फूल झालं की हो, बाई.

"सूर्य होता तो!"

"होता ना. पण बाई, धुळ्यात सूर्याचं चित्र भिंतीला लावून घेणार कोण? एक डोक्यावर आहे तोच पुरे होतो."

आतून देवचंदभाऊ ओरडले, "काय व्हयनं रे गिरधर?"

"काही नाही भाऊ. बाईंचा सूर्य मावळला."

मला हसू येत होतं आणि हसायचं नव्हतं. म्हणून मी जेवढा वाईट सुचेल तेवढा रंग सांगितला. "कपाटाला राखाडी द्या."

"लग्नाच्या कपाटाला राखाडी?"

"माझं कपाट आहे."

"मग राखाडी," तो म्हणाला, "पण बाई, ते चित्र फेकू नका. वाळेपर्यंत तरी नका फेकू."

फेकायचंच म्हणून घरी नेलं होतं. दुपारी चारला पाहिलं तर वाळलं होतं. केळीच्या पानाला उन्हासमोर धरलं की जशा शिरा दिसतात, तशा शिरा त्या रंगाला फुटल्या होत्या. पाकळ्या म्हणाव्यात तर कुठल्याच फुलाच्या नाहीत, आणि तरी ते फूलच. चार वर्षं मी मुलींना कलश, पणती आणि सफरचंद काढायला शिकवत होते. माझ्या कुठल्याही ब्रशला ती शीर जमली नसती.

तिसऱ्या दिवशी मी कोरा हार्डबोर्ड घेऊन पुन्हा वर्कशॉपसमोर उभी राहिले.

"कपाटाचा रंग बदलायचाय?" त्याने विचारलं.

"नाही." मी पदर सावरला. "आणखी एक... बिघडवून द्याल का?"

त्याच्या चेहऱ्यावर हसू यायला जरा वेळ लागला. पण आलं तेव्हा ते इतकं मोठं आलं की मी पटकन पिंपाकडे पाहायला लागले.

पहिले काही बोर्ड खरोखरच बिघडले. कॉम्प्रेसरची हवा कपाटासाठी. ती माझ्या रंगाला थोबाडीत मारल्यासारखी लागायची. एकदा सगळा निळा उडून माझ्या साडीवर बसला. देवचंदभाऊ म्हणाले, साडीच टांगा भिंतीला. मग मला घरची फुंकणी आठवली. स्वयंपाकाला गॅस आला होता, पण अंघोळीच्या पाण्याची चूल परसात होतीच. पितळेची, हातभर लांब फुंकणी. मी ती छत्रीच्या पिशवीत घालून पळवली.

"फुंकणी कुठं गेली गं?" आईने विचारलं.

"शाळेत नेलीय. प्रयोगाला."

"चित्रकलेत कसला प्रयोग?"

मी चपला पायात सरकवल्या. आईनेही पुन्हा विचारलं नाही, आणि हेच खरं म्हणजे मला तेव्हा खटकायला हवं होतं.

फुंकणी मी आधी लावली. दोनच फुंकरांत डोळ्यांसमोर काजवे चमकले.

"तुम्ही वर्गात ओरडायचा श्वास वापरताय, मास्तरीणबाई," तो म्हणाला. "हा निराळा असतो. आणा इकडे."

त्याने फुंकणी बोर्डाशी तिरकी धरली, अगदी खाली, आणि फुंकर घातली. इतकी हळू की आधी काही झालंच नाही. मग पांढरा रंग झोपेतून उठल्यासारखा सरकला, निळ्यावरून पातळ साय ओढत गेला आणि कडेला पोचून थांबला. एकच फुंकर. मी मनात मोजत होते. अकरा आकडे झाले तरी ती संपली नव्हती.

"एवढी लांब? कुठं शिकलात?"

"सांगेन कधीतरी."

तेव्हापासून वाटणी झाली. ओतणं माझं, फुंकणं त्याचं. मी रंग ताकासारखा पातळ करायचे. फार पातळ झाला तर पळतो, घट्ट राहिला तर हलत नाही. आधी पांढरा ओतायचा, मग रंगांच्या धारा, मग दोघांनी दोन बाजूंनी बोर्ड उचलून चारी बाजूंना कलता करायचा, म्हणजे कुठे साचत नाही. मग तो वाकायचा. उन्हं तापली की रंग वरून सुकून तडकायचा, म्हणून शाळेला सुट्टी लागल्यावर आम्ही हे सगळं सकाळी सातला करायचो, देवचंदभाऊ कॉम्प्रेसर सुरू करायच्या आधी. धूळ बसावी म्हणून तो आधी फरशीवर पाणी शिंपडायचा. एप्रिल-मेच्या धुळ्यात ओल्या मातीचा वास त्या एकाच ठिकाणी यायचा. अजूनही कुणी अंगणात पाणी शिंपडलं की मला पुढे कॉम्प्रेसरची धडधड ऐकू येते.

हसताना फुंकता येत नाही, हे मला तिथे कळलं. तो फुंकायला वाकला की मी मुद्दाम काहीतरी बोलायचे.

"तुमच्या नाकावर पुट्टी आहे."

"असू द्या..." आणि फुंकर फुस्स व्हायची. "बघा! पाकळी गेली तुमच्यामुळं."

"माझ्यामुळं? नाक तुमचं, पुट्टी तुमची."

"नजर तुमची ना पण."

मग मी उगाचच डबा ढवळत बसायचे.

चित्र झालं की त्याला नाव ठेवायचं. तो म्हणायचा, हे केळफूल. मी म्हणायचे, ही पुरातली पांझरा. तो म्हणायचा, तुम्हाला सगळीकडे पांझराच दिसते. मी म्हणायचे, तुम्हाला सगळीकडे फुलंच. आणि कपाट? कपाट बिचारं कोपऱ्यात उभं होतं.

"गिरधर," देवचंदभाऊ विचारायचे, "यक कपाटले कितला दिन लावशी रे?"

"पुट्टी वाळत नाही, भाऊ."

"या ऊनमा? मना डोकाना केस वाळी ग्यात, आनि तुन्ही पुट्टी वाळत नही?"

मीही काही कमी नव्हते. घरी सांगायचे, "नाना, डाव्या दाराला पोपडा आलाय. मी आणखी एक हात मारायला सांगितलंय." नाना खूश. म्हणायचे, पोरगी लक्ष घालून काम करून घेते. असे करत त्या कपाटावर रंगाचे नऊ हात बसले. अजूनही त्यावर कुणी बोट वाजवलं तर पत्र्याआधी रंगच वाजतो.

मेच्या पहिल्या आठवड्यात तो म्हणाला, "जळगावला पाइपांचा कारखाना आहे एक. तिथं रंगखात्यात बोलावलंय मला. पक्की नोकरी आहे."

"कधी?"

"म्हटलंय की हातातलं कपाट झालं की येतो."

मी धार सोडत होते. ती जरा वाकडी गेली. "मग... झालं का कपाट?"

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग कपाटाकडे. "नाही. अजून एक हात बाकी आहे."

त्या दिवशी मी देवपूरला घरापर्यंत चालत गेले. पुलावरून कोरड्या पांझरेत पाहिलं, तर तिथल्या वाळूतसुद्धा फूल दिसलं.

आणि पुढच्याच आठवड्यात नानांनी घरी सांगितलं, रविवारी जळगावहून सुनंदाबाई येणार आहेत, मुलाला घेऊन. मुलगा बँकेत आहे. चांगली माणसं आहेत.

मी गुरुवारी सकाळी त्याला सांगितलं. पाठमोरा बसून तो पांढऱ्यात रंग चढवायच्या स्टेनरची बाटली रिकामी करत होता. "रविवारी लोक येणार आहेत. मला... पाहायला."

तो ढवळत राहिला. रंग कधीच एकजीव झाला होता, तरी काडी फिरत राहिली.

"मग कपाट लागेल," तो म्हणाला.

"हो."

"शनिवारपर्यंत तयार ठेवतो."

"एक हात बाकी होता ना?"

"नाही, बाई. पुरे झाले हात."

बाई म्हणाला. नुसतं बाई, मास्तरीणबाईसुद्धा नाही. मी फुंकणी पुसली, पिशवीत घातली आणि निघाले. वाटलं, हाक मारेल. त्यालाही तेच वाटत होतं, हे मला फार नंतर कळलं. त्या वयात माणूस हाक ऐकायला टपलेला असतो; मारायचं त्याला सुचत नाही.

रविवारी नानांनी पुढच्या खोलीत आमचं सगळ्यात मोठं चित्र लावलं. त्यांना माहीत असलेलं एवढंच की ते मी केलंय. सुनंदाबाई आल्या, भारदस्त बाई, बारीक डोळे. मुलगा सभ्य होता, माझ्यापेक्षा जास्त घाबरलेला. पोहे झाले.

नाना भिंतीकडे हात करून म्हणाले, "सगळं हिच्या हातचं बरं का."

सुनंदाबाई उठून चित्राजवळ गेल्या. "सुरेख आहे. नाना, राग मानू नका, पण माझ्या थोरल्या सुनेच्या रुखवतात दोन टेबलं भरून वस्तू होत्या. मण्यांचा मोर, क्रोशाचं तोरण, साबणाची बदकं. नंतर कळलं, मोर मामीचा, तोरण शेजारणीचं, आणि बदकं चुलत बहिणीच्या रुखवतातली उसनी आणलेली. पोरीला सुईत दोरा ओवता येत नव्हता. तेव्हापासून मी डोळ्यांनी पाहून घेते." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "करून दाखव बाळ, छोटंसं."

आमच्याकडे अर्धं रुखवत उसनंच असायचं. सगळ्यांना ठाऊक असायचं आणि कुणी विचारायचं नाही. ही बाई विचारणारी निघाली.

"हो हो, का नाही!" नाना फुलून म्हणाले. "मंदा, सामान आण."

मी आत गेले. आई ओट्याशी उभी होती. मी काही मागायच्या आधीच तिने फुंकणी पुढे केली. तिच्या टोकाला निळ्या रंगाचं कडं बसलं होतं. आईच्या हाताखालचं भांडं न्‌ भांडं राखेने लखलखायचं, पण तिने ते निळं कडं तसंच राहू दिलं होतं.

"ही लागेल ना?" एवढंच म्हणाली.

म्हणजे तिला कधीपासून माहीत होतं...

मी बाहेर येऊन वर्तमानपत्र पसरलं, रंग ओतला. ओतणं छान झालं. मुलगासुद्धा पुढे सरकून बघायला लागला. मग मी फुंकणी तोंडाला लावली. पहिल्या फुंकरीला थुंकी उडाली. दुसरीने मधोमध भोक पडलं. तिसरीला सगळे रंग एकात एक शिरले आणि डबक्यातल्या शेवाळासारखं काहीतरी समोर पसरलं. माझं डोकं गरगरत होतं.

 सुनंदाबाई चित्राकडे पाहत होत्या, मग चिखलाकडे, मग माझ्याकडे.

"उन्हानं रंग घट्ट झाला असेल," नाना घाईघाईने म्हणाले. "शाळेत पंखा असतो. आज जरा... हो ना गं मंदा?"

बिचारे मला वाट काढून देत होते. मान हलवली असती तर संपलं असतं. मुलगा चांगला होता, घर चांगलं होतं, नानांची मान ताठ राहिली असती. मी फुंकणीच्या निळ्या कड्याकडे पाहिलं.

"रंग चांगला आहे, नाना. ओतणं माझं आहे. फुंकर माझी नाही."

"मग कुणाची?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"गिरधरची."

पुढे भाऊ नाही, पेंटर नाही. नुसतं नाव. ते तसं तोंडातून बाहेर पडल्यावर मलाच ऐकू आलं की मी काय सांगून बसले. नानांनी टेकायला मागे खुर्ची शोधली.

"कोण गिरधर?" सुनंदाबाईंनी विचारलं.

"आमचं कपाट रंगवणारे," मी म्हणाले.

"म्हणजे अर्धं चित्र उसनं."

"हो."

"आणि रडतेस कशाला?"

मी रडतेय हे मला माहीत नव्हतं.

सुनंदाबाई मुलाकडे वळल्या. "चहा संपव आणि ऊठ." नाना काही बोलायला गेले तर त्यांनी हात वर केला. "नाना, मला राग नाही. ही आज मान हलवून मोकळी झाली असती तर माझा मुलगा जन्मभर अर्ध्या चित्रासमोर बसला असता. पोरीनं खरं सांगितलं. आता तिचं काय ते तुम्ही बघा." जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या.

 नाना जेवायला बसले, अर्धी भाकरी ठेवून उठले. संध्याकाळी अंगणात खाट टाकल्यावर त्यांनी विचारलं, "घरी कोण असतं त्याच्या?"

"आई नाही. वडील धरणगावकडे शेती करतात. कोरडवाहू."

"शिक्षण?"

"दहावी."

नानांनी खाटेवरची उशी सरळ केली. "आपल्यातला?"

"हो," मी म्हणाले. तो आमच्यातलाच निघाला म्हणून पुढचं सोपं झालं, हे मी लपवत नाही. नसता तर नाना काय म्हणाले असते, आणि मी काय केलं असतं, हा प्रश्न मला या वयातही सुटलेला नाही.

"हं," नाना म्हणाले, आणि कुशीवर वळले.

सोमवारी सकाळी ते शर्टाच्या गुंड्या लावत म्हणाले, "चल. कपाट आणायचंय." त्यांच्या बगलेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी लांबट होतं.

वर्कशॉपच्या दाराशीच पत्र्याची ट्रंक आणि वळकटी ठेवलेली होती. दुपारची जळगाव गाडी. गिरधर आम्हाला पाहून उठला, हात पँटला पुसत. माझ्याकडे पाहिलं नाही. कपाटावर धुतलेलं फडकं टाकलं होतं. त्याने ते ओढलं.

नानांनी एसटी तपासावी तसं कपाट तपासलं. कड्या वाजवून पाहिल्या, पायांखाली वाकून पाहिलं. राखाडी रंग आरशासारखा होता. मग त्यांनी दार उघडलं.

डाव्या दाराच्या आतल्या बाजूला, वरपासून कडीपर्यंत, एक फूल होतं. पांढऱ्यावर नारिंगी आणि निळं. माझ्या पहिल्या दिवसाच्या सूर्याचे रंग. शिरा काडीएवढ्याही जाड नव्हत्या. फक्त खालच्या कोपऱ्यात रंगाचा गोळा साचून वाळला होता. ओतणं त्याचं काम नव्हतंच कधी.

"हे आत कशाला?" नानांनी विचारलं.

"बाहेर असतं तर... लोकांनी विचारलं असतं." तो जमिनीकडे पाहत होता. "आत असलं की साड्या ठेवताना तेवढं दिसेल."

"कुणाला?"

 देवचंदभाऊंनी खोकल्यासारखं केलं.

नानांनी वर्तमानपत्र सोडलं. फुंकणी. "काल हिनं पाहुण्यांसमोर चिखल केला," ते म्हणाले. "आता दोघं मिळून करा. मला बघायचंय."

मी रंग ओतला. धारा सरळ सोडायला गेले, तर त्या नागमोडी झाल्या. गिरधर वाकला.  फुंकणीच्या तोंडाशी नुसतीच हवा वाजली.

"हळू," मी पुटपुटले. "लांब..."

त्याने डोळे मिटले, आणि फुंकर घातली. पांढरा सरकला. निळ्यावरून, नारिंगीवरून, कडेपर्यंत. पाकळी उघडली, मग दुसरी. नाना खाली वाकत वाकत गुडघ्यांवर हात ठेवून उभे राहिले. मी आकडे मोजायचे विसरले.

"एवढी लांब फुंकर कुठं शिकलास रे?"

गिरधरने फुंकणी खाली ठेवली. मला 'कधीतरी सांगेन' म्हणाला होता, ते त्याने नानांना सांगितलं. "आई गेली तेव्हा मी अकरा वर्षांचा होतो. मागं दोन लहान बहिणी. पावसाळ्यात चुलीतल्या कपाशीच्या पऱ्हाट्या ओल्या असायच्या. जोरात फुंकलं की नुसता धूर, बहिणी खोकायच्या. हळू आणि लांब फुंकलं की ओली पऱ्हाटीसुद्धा धरते."

 नानांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याने पुसला, पुन्हा लावला.

"देवचंदभाऊ," ते म्हणाले, "कपाट पोचवायला गाडी आहे ना?"

"शे ना. देवपूरलेच धाडनं ना?"

"ते मला ठाऊक नाही." नानांनी गिरधरकडे बोट केलं. "पत्ता हा सांगेल."

आधी मला कळलं. मग देवचंदभाऊंना. त्याला सगळ्यात शेवटी कळलं. तो नानांकडे पाहत राहिला, माझ्याकडे पाहिलं, कपाटाकडे पाहिलं, आणि म्हणाला तरी काय? "नाना, जळगावच्या खोलीचं दार लहान आहे. कपाट आत जायचं नाही."

देवचंदभाऊंनी कपाळावर हात मारला. "आरे येडा! दार तोडी टाक!"

ते नानांना चहाला म्हणून बाहेर घेऊन गेले. आम्ही दोघं, मध्ये ओलं चित्र.

"शनिवारी कपाट का उरकलंत?" मी विचारलं.

"वाटलं, तुम्ही नको म्हणाल."

"मला वाटलं, तुम्ही म्हणाल."

तो कपाटाच्या दारापाशी गेला, कोपऱ्यातल्या त्या गोळ्यावर बोट ठेवलं. "हे बघा ना... इथं साचलं. एकट्यानं बोर्ड उचलून कलता करता येत नाही."

"दोन्ही बाजूंनी धरावा लागतो."

"हं." मग माझ्याकडे न बघता, अगदी हळू, "मंदा... धरशील?"

"धरीन," मी म्हणाले.

लग्न डिसेंबरात झालं. माझ्या रुखवतात एकच चित्र होतं, आणि खाली आईने माझ्याकडून चिठ्ठी लिहून घेतली होती: ओतणं मंदाकिनी, फुंकर गिरधर. नवऱ्याचं नाव रुखवतात पाहून बायका पदर तोंडाला लावून हसल्या. आई मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याला मोठ्याने सांगत होती, "मला चूल फुंकणारा जावई मिळालाय."

जळगावच्या खोलीच्या दारातून कपाट जाईना, ते नाहीच गेलं. दार नाही तोडलं, खिडकीची चौकट काढली.

आता त्या कपाटाचे पाय गंजलेत. आतलं फूल अजून आहे, कोपऱ्यातल्या गोळ्यासकट. मी तो कधी खरवडू दिला नाही. यांचा श्वास मात्र आखूड झालाय. इतकी वर्षं रंगाच्या फवाऱ्यात काढली, आता डॉक्टरांनी फुंकणीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. म्हणून सकाळी उन्हं तापायच्या आधी हे फरशीवर पाणी शिंपडतात, बोर्डाची एक बाजू धरतात, एक मी धरते. रंग मी ओतते. मग फुंकणीही मीच उचलते. अजून मला सातच आकडे जमतात.

"वर्गातला श्वास नको, मास्तरीणबाई," हे शेजारून सांगतात. "हळू... लांब..."

आणि मला हसू येतं, आणि पाकळी जाते.